मांड्या भरून येतात तेव्हा

रविवारी पहाटे आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढणाऱ्यांच्या दोन तऱ्हा असतात. दर आठवड्याला येणारे गप्पा मारत चढतात. वर्षातून एकदा, कुणाच्या तरी आग्रहाखातर आलेला माणूस मात्र पुणे दरवाजाच्या अलीकडच्या चढावर कमरेवर हात ठेवून थांबतो आणि म्हणतो, "मांड्या भरून आल्या राव!" वर पोचल्यावर पिठलं-भाकरी होते, मडक्यातलं दही होतं, मग उतार. सोमवारी तो कसाबसा कामावर जातो. मंगळवारी जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी तिरकं पाऊल टाकत उतरतो, आणि कुणी विचारलंच तर निदान तयार असतं : "लॅक्टिक ॲसिड साठलंय पायात. चांगलं चोळून काढायला हवं."

या बोलण्यात तीन दावे आहेत. स्नायूत काहीतरी तयार झालं, ते तिथेच अडकून पडलं आणि चोळून ते बाहेर काढता येतं. पहिला दावा खरा आहे, दुसरा चूक आहे आणि तिसरा जवळजवळ उलटा आहे. असं का, हे कळायचं तर स्नायूतून एखादा रेणू बाहेर पडतो तो कसा, कुठल्या दारातून आणि किती वेळात, हे बघायला हवं.

दोघेजण डोंगर चढतात

३० ऑगस्ट १८६५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या ब्रिएंझ सरोवराच्या काठावरून दोन प्राध्यापक फाउलहॉर्न नावाचा डोंगर चढायला निघाले. चढण होती सुमारे १९५६ मीटरची, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या साधारण तिप्पट. आदल्या दिवसापासून त्यांनी प्रथिनं असलेलं काही खाल्लं नव्हतं. पीठ, स्निग्ध पदार्थ आणि साखर यांवरच भागवलं होतं. आणि वाटेत दोघेही आपापली लघवी बाटल्यांत साठवत होते.

हा खटाटोप एका वादासाठी होता. स्नायू काम करताना स्वतःमधलंच प्रथिन जाळतो, असं त्या काळचे मोठे रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग मानत. प्रथिन जळलं की त्यातला नायट्रोजन लघवीतून बाहेर पडतो. या दोघांनी तो मोजला आणि हिशेब मांडला : जळालेल्या प्रथिनांतून मिळालेली ऊर्जा दोन देह डोंगरावर चढवायला पुरणारीच नव्हती. इंधन दुसरंच काहीतरी होतं. स्नायूला हात न लावता, त्यातून बाहेर पडलेल्या पदार्थावरून आतली गोष्ट त्यांनी ओळखली.

या दोघांपैकी एक होता आडोल्फ फिक. विरघळलेले पदार्थ दाट जागेकडून विरळ जागेकडे किती वेगाने सरकतात याचा नियम त्याने १८५५ सालीच मांडला होता. दुसरा योहानेस विसलिसेनुस. त्याने पुढे लॅक्टिक आम्लाचा पिच्छा पुरवला. हे आम्ल १७८० साली कार्ल शीले यांना आंबलेल्या दुधात सापडलं होतं आणि १८०७ साली बर्झेलियस यांना स्नायूंच्या रसात. दोन्हींतले अणू तेच, तितकेच. तरी त्यांच्यातून आरपार गेलेला ध्रुवित प्रकाश वेगळा वागायचा. विसलिसेनुसने १८७३ मध्ये सांगितलं की फरक अणूंच्या अवकाशातल्या मांडणीत असला पाहिजे. आज आपण म्हणतो की स्नायूतलं लॅक्टिक आम्ल एकाच 'हाताचं' असतं. दह्यातले काही जिवाणू तसंच बनवतात, काही त्याची आरशातली प्रतिमा बनवतात. तेव्हा गडावरच्या मडक्यात आणि चढणाऱ्याच्या मांडीत तयार होणारं आम्ल ही सख्खी भावंडं आहेत.

न ढवळलेला चहा

फिकच्या नियमामागची गोष्ट साधी आहे. पाण्यातला रेणू शेजाऱ्यांच्या धक्क्यांनी सतत इकडेतिकडे भरकटत असतो. त्याला दिशा कळत नाही. तरीही गर्दीकडून मोकळ्या जागेकडे ओघ वाहतो. एका बाजूला शंभर रेणू आहेत, दुसऱ्या बाजूला दहा, आणि दोन्हीकडचे निम्मे भरकटत पलीकडे गेले असं समजा. पन्नास गेले, पाच आले. कुणी ढकललं नाही, तरी पंचेचाळीस पलीकडे जास्त झाले. यालाच विसरण म्हणतात. दोन जागांच्या दाटपणातला फरक जितका मोठा आणि अंतर जितकं कमी, तितका ओघ जोरकस.

पण भरकटणाऱ्याची एक अडचण असते. तो जितका पुढे जातो तितकाच मागेही येतो. १९०५ साली आइन्स्टाइनने याचं गणित मांडलं : अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट लागतो, दसपट झालं तर शंभरपट. लॅक्टेट म्हणजे लॅक्टिक आम्लाचं पेशीतलं रूप. त्याच्यासारख्या छोट्या रेणूला स्थिर पाण्यात मिलिमीटरचा शंभरावा भाग ओलांडायला सेकंदाचा विसावा हिस्सा पुरतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाला पाच सेकंद लागतात. एका मिलिमीटरला आठ मिनिटं. एका सेंटिमीटरला चौदा तास. मांडीपासून यकृतापर्यंतचं अर्धा मीटर अंतर नुसत्या भरकटण्याने कापायचं तर साधारण चार वर्षं!

चहाच्या कपात तळाला साखर टाकली आणि चहा अगदी निश्चल राहिला, तर ती वरच्या घोटापर्यंत पोचायला महिना लागेल. म्हणून आपण चमचा फिरवतो. चमचा साखरेला वर नेतो आणि शेवटचं बारीक अंतर विसरण पुरं करतं. शरीरातली सगळी ने-आण याच जोडीवर चालते. केसाएवढ्या अंतरापर्यंत विसरण, त्यापुढे प्रवाह. रक्त हा शरीराचा चमचा.

टेलिफोन कंपनीतला गणिती

यावरून स्नायूची बांधणी कशी असायला हवी ते आपोआप ठरतं. प्रवाह प्रत्येक धाग्याच्या इतका जवळ आणायचा की उरलेलं अंतर भरकटत पार करता यावं.

मांडीचा स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली आडवा कापून पाहिला तर बांधलेल्या गवताच्या पेंढीचा छेद दिसावा तसं दृश्य दिसतं. प्रत्येक काडी म्हणजे एक स्नायुतंतू, जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास. काड्यांच्या बेचक्यांत बारीक ठिपके दिसतात, त्या केशवाहिन्या. त्या इतक्या अरुंद असतात की तांबड्या पेशीला एकामागे एक, अंग चोरून जावं लागतं. एका तंतूला अशा तीन-चार, कधी त्याहून जास्त केशवाहिन्या टेकलेल्या असतात. तंतूच्या मध्यापासून सर्वांत जवळच्या केशवाहिनीपर्यंतचं अंतर मिलिमीटरच्या तीन शतांशांएवढं. भरकटत जायचं म्हटलं तरी अर्ध्या-एक सेकंदाचा रस्ता.

या बांधणीचं गणित मांडलं डेन्मार्कच्या आउगुस्ट क्रोग यांनी. १९१९ साली त्यांनी कल्पना केली की प्रत्येक केशवाहिनी म्हणजे एका नळकांड्याचा आस, आणि त्या नळकांड्यातल्या मांसाला ती एकटी पुरवठा करते. कडेपर्यंत प्राणवायू पोचायला किती दाब लागेल, याचं सूत्र त्यांना हवं होतं. ते काढून दिलं आग्नर एर्लांग यांनी. हे गृहस्थ कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला होते. एका वेळी किती लोक फोन लावतील आणि त्यासाठी किती तारा लागतील याचा हिशेब हे त्यांचं रोजचं काम. टेलिफोनच्या रहदारीचं एकक आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. क्रोग यांनी प्राण्यांच्या रक्तात काळी शाई सोडून पाहिलं, तेव्हा विसावलेल्या स्नायूत थोड्याच केशवाहिन्या काळ्या झाल्या, कामाला लागलेल्या स्नायूत मात्र पुष्कळ. १९२० चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. विश्रांतीत किती केशवाहिन्या खरोखर बंद असतात यावर पुढे बराच वाद झाला, पण नळकांड्याचं चित्र टिकलं. क्रोग यांचा प्रश्न आत येणाऱ्या प्राणवायूचा होता. बाहेर जाणाऱ्या मालालाही तोच भूगोल लागू पडतो.

दार, रस्ता आणि आडवाट

बाहेर जाणारा माल मात्र एकसारखा नसतो, आणि खरी गोष्ट इथे सुरू होते.

कार्बन डायऑक्साइड सर्वांत बिनधास्त. पेशीभोवतीच्या स्निग्ध पडद्यातून तो सहज आरपार जातो. ऊतींमधून त्याचं विसरण प्राणवायूच्या सुमारे वीसपट सुलभ असतं. त्याची अडचण एकच, बाहेर गाडी उभी हवी. म्हणजे रक्त वाहतं हवं.

लॅक्टेटचं तसं नाही. पेशीतल्या स्थितीत हजारात जेमतेम एखादाच रेणू विद्युतभाराशिवाय असतो. बाकी सगळे भारित, आणि भारित रेणूला स्निग्ध पडदा आत-बाहेर करू देत नाही. म्हणून पडद्यात खास वाहक प्रथिनं बसवलेली आहेत. त्यांना एमसीटी म्हणतात. एका वेळी एक लॅक्टेट आणि सोबत एक हायड्रोजन आयन, अशी जोडी ते पलीकडे सोडतात. म्हणजे लॅक्टेट बाहेर पडताना आम्लताही बरोबर घेऊन जातं. पण दारं मोजकी असतात. आत कितीही रेटारेटी झाली तरी एका मर्यादेपुढे बाहेर पडण्याचा वेग वाढत नाही. शेवटची लोकल सुटल्यावर फलाटाच्या जिन्यावर होतं तसंच.

पोटॅशियमची गोष्ट आणखी वेगळी. स्नायूच्या प्रत्येक आकुंचनाच्या विद्युतसंदेशाबरोबर थोडं पोटॅशियम पेशीबाहेर निसटतं आणि पेशीतले पंप ते पुन्हा आत ओढत राहतात. जोरात धावताना रक्तातलं पोटॅशियम झपाट्याने चढतं आणि थांबल्यावर काही मिनिटांतच उतरतं.

आणि मोठे रेणू? क्रिएटिन कायनेजसारखं भलंमोठं प्रथिन तंतूला इजा झाल्याशिवाय सहसा बाहेर पडत नाही. पडलं तरी केशवाहिनीच्या भिंतीतल्या फटी त्याला पुरत नाहीत. ते आडवाटेने, लसीकावाहिन्यांतून, रमतगमत रक्तात पोचतं. म्हणून अंग मोडेल अशा व्यायामानंतर रक्तातलं त्याचं प्रमाण त्याच संध्याकाळी नाही, तर एक ते चार दिवसांनी शिखर गाठतं. मोठा ट्रेक करून आल्यावर कुणी नेमकी तपासणी करून घेतली तर अहवालातला आकडा पाहून घाबरायला होतं, त्याचं एक कारण हे.

भरलेली बादली

पाण्याने भरलेली बादली एका हाताने तिसऱ्या मजल्यावर नेऊन बघा. पहिल्या मजल्यावर काही वाटत नाही. दुसऱ्यावर बोटं आणि कोपराखालचा हात जळजळायला लागतो आणि आपण हात बदलतो. रिकाम्या झालेल्या हाताला काही क्षणांत बरं वाटतं.

इथे दारं उघडी होती, पण रस्ता बंद झाला होता. स्नायू घट्ट आवळलेला राहिला की आतला दाब वाढतो आणि त्याच्याच रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. पकड कमाल ताकदीच्या निम्म्यापुढे गेली की रक्तप्रवाह फार मंदावतो, आणखी वाढवली तर थांबतो. आतला माल आतच साठतो. दहीहंडीच्या सर्वांत खालच्या थरातल्या गोविंदाचे पाय थरथरतात ते याच तऱ्हेने : तो चालत नाही, उचलत नाही, फक्त आवळलेला उभा असतो. जळजळही कुण्या एका पदार्थाची नसते. अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये स्वयंसेवकांच्या अंगठ्याच्या स्नायूत हायड्रोजन आयन, लॅक्टेट आणि एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) टोचून पाहिले. एकेकटे दिल्यावर फारसं काही जाणवलं नाही. तिन्ही एकत्र दिल्यावर थकवा आणि दुखणं जाणवू लागलं.

चालताना याच्या उलट घडतं. पोटरी आवळते तेव्हा नीलांमधलं रक्त पिळून वर ढकललं जातं. नीलांतल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत. पोटरी सैल पडते तेव्हा मोकळ्या झालेल्या जागेत नवं रक्त शिरतं. प्रत्येक पावलाला चमचा एकदा फिरतो. शिवाय काम करणाऱ्या स्नायूतून निघालेले पदार्थच जवळच्या रोहिण्यांना सैल करतात, म्हणजे माल स्वतःच गाडी बोलावतो. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं. दमछाक होईपर्यंतच्या श्रमात ते वीस लिटरपुढे जातं आणि त्यातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास वाटा स्नायूंकडे वळतो.

आणि 'मांड्या भरून आल्या' हे? ते शब्दशः खरं आहे. ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेचा, एक अगडबंब रेणू फुटून पुष्कळ छोटे रेणू होतात, ते सगळे लगेच बाहेर पडू शकत नाहीत, आणि परासरणाच्या नियमाने ते रक्तातलं पाणी आत ओढून घेतात. जोरदार व्यायामात काही मिनिटांतच रक्तद्रवाचं आकारमान दहा टक्क्यांहून अधिक घटू शकतं. ते पाणी गेलेलं असतं मांडीत. पॅंट घट्ट होते ती उगाच नाही. तासाभरात पाणी परत फिरतं.

मंगळवारचं दुखणं

आता त्या कठडा धरून उतरणाऱ्या माणसाकडे परत जाऊ. रविवारी सकाळी त्याच्या मांडीत तयार झालेलं लॅक्टेट गेलं कुठे?

रक्तात लॅक्टेटचं प्रमाण एरवी लिटरमागे साधारण एक मिलिमोल असतं. चारशे मीटर जिवाच्या आकांताने धावल्यावर ते पंधरा-वीसवर जाऊ शकतं. तरीही थांबल्यापासून दर वीसेक मिनिटांना ते निम्मं होत जातं आणि तास-दीड तासात जवळजवळ पूर्ववत होतं. काही हृदय जाळतं, काही शेजारचेच संथ तंतू इंधन म्हणून वापरतात. काही यकृतात जाऊन पुन्हा ग्लुकोज होऊन परततं. हे चक्र उलगडणारे कार्ल आणि गर्टी कोरी हे दांपत्य १९४७ मध्ये नोबेलचं मानकरी ठरलं. बर्कलीचे जॉर्ज ब्रुक्स १९८० च्या दशकापासून सांगत आले की लॅक्टेट हा कचरा नाही, एका स्नायूने दुसऱ्याला पाठवलेला डबा आहे. तेव्हा आपल्या माणसाने गडावर दही संपवलं, तोवर चढणीवरच्या लॅक्टेटची बरीचशी विल्हेवाट लागलेली होती.

मग मंगळवारी दुखतं ते काय? १९८३ मध्ये काही जणांना पाऊण तास ट्रेडमिलवर पळवलं, एकदा सपाटीवर आणि एकदा उतारावर. सपाटीवर लॅक्टेट चढलं, पण नंतर फारसं दुखलं नाही. उतारावर लॅक्टेट चढलंच नाही, आणि दोन दिवस पाय दुखत राहिले. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आवळलेला असतानाच ताणला जातो. तो शरीराला लगाम घालत असतो. या ओढाताणीत तंतूंची आतली बारीक वीण उसवते, सूज येते आणि नसा हुळहुळ्या होतात. हे सगळं व्हायला एक-दोन दिवस लागतात. म्हणजे दुखणं चढणीने दिलेलं नसतं, उताराने दिलेलं असतं.

चोळण्याबद्दल. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात २०१० मध्ये मुठीचा जोरदार व्यायाम करवून लगेच हाताला मालिश करून पाहिलं. लॅक्टिक आम्ल लवकर निघण्याऐवजी उशिरा निघालं, कारण दाबताना रक्तप्रवाहच अडत होता. भरल्या बादलीचा प्रकार पुन्हा, फक्त बाहेरून. मालिशने बरं वाटतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते बरं वाटणं निचऱ्यामुळे नाही. निचरा हवा असेल तर हळूहळू चालणं पुष्कळ उपयोगी.

निचऱ्याचा वेग मात्र कमावता येतो. पेर अँडरसन आणि यान हेनरिकसन यांनी १९७७ मध्ये दाखवलं की आठ आठवड्यांच्या नियमित सरावाने मांडीतल्या केशवाहिन्यांची दाटी सुमारे वीस टक्क्यांनी वाढते. सरावाने वाहक प्रथिनंही वाढतात. रस्ते वाढतात, दारं वाढतात.

एक इशारा मात्र द्यायला हवा. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ढिगाऱ्याखालून काढलेले काही जण आधी ठीक वाटले आणि काही दिवसांत मूत्रपिंडं बंद पडून दगावले. बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ मध्ये याची नोंद केली. चिरडलेल्या स्नायूत साठलेलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे स्नायूतलं प्रथिन दाब हटताच लोंढ्यासारखं रक्तात आलेलं असतं. म्हणूनच आज ढिगाऱ्यात अडकलेल्या माणसाला शक्य तर बाहेर ओढण्याआधीच सलाईन लावतात. सवय नसताना केलेल्या अतोनात व्यायामानंतरही क्वचित असं होऊ शकतं. पाय प्रमाणाबाहेर सुजले किंवा लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

बाकीच्यांसाठी सांगणं साधं आहे. गड उतरून आल्यावर एकदम गाडीवर बसू नका. दहा मिनिटं रमतगमत चाला, म्हणजे पायातलं रक्त पायातच तुंबत नाही आणि चक्कर येत नाही. मंगळवारचं दुखणं त्याने टळणार नाही. ते टाळायचा एकच खात्रीचा उपाय माहीत आहे : काही आठवड्यांच्या आत तोच उतार पुन्हा उतरणं. एकदा उसवून पुन्हा शिवलेला स्नायू पुढच्या खेपेला फारच कमी तक्रार करतो. तेव्हा खापर दह्यातल्या आम्लाच्या भावंडावर फोडू नका, आणि पुढच्या वर्षाची वाट न बघता याच महिन्यात पुन्हा गड चढा.